अर्ध्या आत्याचा डोंगर

दहा दिवसांच्या डोंगर-शिबिरातून परत येताना नववीतल्या त्या मुलीनं घरी दोन गोष्टी आणल्या. एक प्रमाणपत्र आणि एक नारिंगी शिट्टी. प्रमाणपत्र आईनं कपाटात ठेवून दिलं. शिट्टी ठेवून देणं कुणालाच जमलं नाही. पहिल्या आठवड्यात ती गच्चीवर वाजली, गॅलरीत वाजली, दूधवाल्याच्या पाठीमागे वाजली आणि एकदा आंघोळ करताना वाजली. मग सगळ्या इमारतीनं मुलीचं आईबाबांनी हौसेनं ठेवलेलं नाव बाजूला सारलं आणि तिला 'शिट्टी' म्हणायला सुरुवात केली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. मागच्या वर्षीपर्यंत इमारतीत तिला कुणी कुठल्याच नावानं हाक मारत नसे.

आता तिला पुढच्या शिबिराला जायचं होतं. आठ दिवस, तंबू, खरे उंच डोंगर, आणि थंडी अशी की म्हणे टूथपेस्ट नळीतच गोठते. गोठलेली टूथपेस्ट बघणं हे त्या दिवसांत तिच्या आयुष्याचं ध्येय होतं. फॉर्मवर दोन्ही पालकांच्या सह्या हव्या होत्या आणि तो शाळेत द्यायचा शेवटचा दिवस सहा आठवड्यांनंतरचा सोमवार होता. आईनं भाजी निवडता निवडता सही केली. बाबांनी फॉर्म उजेडाला धरून पाहिला.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर उचलून आणायची. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे 'साधारण', 'जवळपास' आणि 'होईल की' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची घरात कुणाची छाती नव्हती. शिट्टी म्हणाली, मी तयार आहे. बाबांनी विचारलं, किती?

याचं उत्तर शिबिरात शिकवलेलं नव्हतं. मग बाबांनीच अट घातली. याच इमारतीतली, जन्मात डोंगर न चढलेली अकरा माणसं एखाद्या डोंगराच्या माथ्यावर न्यायची आणि अकराच्या अकरा धडधाकट परत आणायची. "अकरा वर, अकरा खाली," ते म्हणाले. "मग सही." आणि निश्चिंत मनानं पेपर उघडून बसले, कारण या इमारतीत अकरा माणसं पाण्याची टाकी धुवायलासुद्धा कधी एकत्र आली नव्हती.

नोटीस लागली आणि संध्याकाळपर्यंत यादी भरली. पहिलं नाव सेक्रेटरीकाकांचं. ठराव झाल्याशिवाय काकांना शिंकसुद्धा यायची नाही, त्यामुळे लगेच सभा बोलावली गेली. तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की माथ्यावर फोनला रेंज असली पाहिजे, कुणाची दाढ कधी ठणकेल सांगता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या नवीन लग्न झालेल्या जोडप्याला सूर्यास्त दिसणारा डोंगर हवा होता. शिट्टीनं त्यांना समजावलं की हिवाळ्यात नवख्या माणसांनी सूर्यास्त आपापल्या खिडकीतूनच बघावा. अर्धा तास चर्चा होऊन 'चढ शक्यतो सपाट असावा' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक डॉक्टर, अनुमोदक बाबा. अकरा पुरे व्हावेत म्हणून सेक्रेटरीकाकांनी त्यांचंही नाव घालून टाकलं होतं, आणि घरातल्या बाकीच्या मोठ्यांचंही.

शिट्टीनं वही काढली. हिवाळ्यात डोंगर निवडताना उंची सगळ्यात शेवटी बघायची, हे तिला शिबिरात घोटून घोटून शिकवलं होतं. आधी उजेड बघायचा, कारण दिवस लहान. मग सावलीतली वाट बघायची, कारण तिथल्या दगडांवर गोठलेलं दव उशिरापर्यंत राहतं. मग वारा कुठून येतो ते, मग मध्येच कुणी दमलं तर लवकर उतरायला दुसरी वाट आहे का ते. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती परत फिरण्याची वेळ. घड्याळात ती वेळ झाली की माथा एका हातावर असला तरी पाठ फिरवायची. असे रकाने आखून तिनं आसपासच्या चार डोंगरांची नावं लिहिली आणि शेवटच्या रकान्यात 'सोपा', 'मध्यम', 'अवघड' असं भरून वही बाबांना दाखवली.

बाबांनी लाल पेननं तिन्ही शब्द खोडले. मध्यम म्हणजे किती? तुझा मध्यम आणि डॉक्टरांचा मध्यम एकच का? दुकानदारही 'मूठभर' म्हणतात, पण मूठ कुणाची? माप एकच हवं, सगळ्यांच्या ओळखीचं हवं आणि कधीही हाताशी मिळेल असं हवं. हे सगळं ते तावातावानं सांगत होते, तेव्हा खोलीच्या कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "तो पाण्याचा ग्लास जरा इकडे देता का कुणी?"

ग्लास आत्यापासून दोन हातांवर होता. बापलेकींनी आधी ग्लासकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

आत्या ही बाबांची मोठी बहीण. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या तारा जुळवल्या आणि निवृत्त झाल्यावर बसणं तेवढं चालू ठेवलं. पलंगावरून आरामखुर्ची आणि आरामखुर्चीवरून गॅलरी, एवढाच तिचा प्रवास, तोही शब्दकोड्याचा पेपर आला तर. आत्याला जो डोंगर झेपेल तो इमारतीत कुणालाही झेपेल, यात वादाला जागाच नव्हती. आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली की मला काही चालवत नाही. बाबा म्हणाले, म्हणून तर ताई.

पहिल्या रविवारी आत्याला पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर नेण्यात आलं. टेकडी कसली, उंचवटाच तो. आत्याला दोन तास लागले. ती अकरा वेळा बसली, त्यांतल्या दोन वेळा 'मला इथेच राहू द्या, जाताना घेऊन जा' असं म्हणाली. शिट्टी मोजायला तिच्याबरोबर, बाबा दर वेळी घड्याळ आणि वही घेऊन पायथ्याशी. आत्या खाली आल्यावर त्यांनी टेकडीच्या नावापुढे लिहिलं, 'एक आत्या', आणि खाली सही ठोकली. झालं, माप ठरलं.

दरम्यान वनखात्याच्या कचेरीतून परवानगी आणायची होती. खिडकीतल्या कारकुनांनी एक तक्ता पुढे सरकवला. प्रवेशाचं कारण: अभ्यास, पाहणी, गवतकापणी, इतर. 'फिरणे' यात कुठे बसतं असं शिट्टीनं विचारलं. ते म्हणाले, 'इतर'मध्ये, पण 'इतर'साठी वेगळा अर्ज लागतो, आणि वेगळ्या अर्जासाठी वेगळे साहेब लागतात, ते रजेवर आहेत. तेव्हा अकरा माणसं अभ्यासाला चालली आहेत असं ठरलं. पुढचा रकाना गटप्रमुखाचा, वय एकवीसच्या वर. शिट्टीचे चौदा कुणीच ओढून एकवीस करणार नव्हतं. बाबा सरकारी नोकर, त्यांना खात्याचं ना-हरकत पत्र आणावं लागलं असतं. मागच्या बाकावर आत्या बसली होती, तिथे बसायला बाक आहे म्हणूनच ती आली होती. तिला उठवून सही करायला लावली. कारकून चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "बाई, गटातल्या प्रत्येक माणसाला तुम्ही जबाबदार. समजून सही करा."

आत्यानं तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग सही केली. घरी येताना ती रिक्षात एक शब्द बोलली नाही. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, पण रिक्षात कुणी गप्प बसलं तर घरचे त्यात सुखच मानतात.

दुसऱ्या रविवारचा डोंगर तीन झाडांचा. डोळ्यांना टाकीमागच्या टेकडीच्या दुप्पट, पण आत्या चौदाच वेळा बसली. बाबांनी 'सव्वा आत्या' लिहिलं. तिसऱ्या रविवारी सपाट माथ्याच्या डोंगरावर ती आठ वेळा बसली: 'पाऊण आत्या.' चौथ्या रविवारी धुकं इतकं होतं की मोजणी रद्द झाली. पाचव्या रविवारी दगडी कण्याच्या डोंगरावर आत्या पाचदाच बसली, त्यातही एकदा बुटाची नाडी बांधायला. वर पोचल्यावर तिनं ग्लासभर पाणीही मागितलं नाही, स्वतःच बाटली काढून प्यायली. बाबांनी जाड अक्षरात लिहिलं, 'अर्धी आत्या', आणि खाली दोन रेघा मारल्या.

शिट्टीला त्या रेघांकडे बघून कसंसंच झालं. डोंगर खालून चांगला दांडगा दिसत होता. तिनं तसं बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर मला पगार कशाला मिळाला असता?" आणि खरं सांगायचं तर शिट्टीला ती वही फार आवडायला लागली होती. इतके सुंदर रकाने खोटं बोलतील असं कुणाला वाटेल? शिवाय सोमवार आठ दिवसांवर आला होता. दगडी कण्याचा डोंगर, चढायला दोन तास, परत फिरण्याची वेळ बारा, असं सूचनाफलकावर लागलं.

सहाव्या रविवारी अकरा माणसं पहिल्या बसनं निघाली. दगडांवरचं दव वितळायची वाट बघून पावणेनऊला शिट्टीनं सगळ्यांना चढाला लावलं. पुढे आत्या, शेवटी स्वतः शिट्टी, कारण सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या मागे राहायचं असतं. त्या दिवशी सगळ्यात सावकाश कोण, याची चुरस लागली.

पहिल्या वीस मिनिटांत डॉक्टरांना निसर्गाची ओढ लागली. दर दहा पावलांवर ते कमरेवर हात ठेवून दरीकडे बघत 'वा' म्हणत. दरी अजून सुरू व्हायची होती, तेव्हा ते शेतातल्या एका पंपाकडे बघत होते. सेक्रेटरीकाकांनी माथ्यावर फोटो काढायला इमारतीच्या नावाचं सहा फुटी कापड आणलं होतं आणि गुंडाळी मोठी होते म्हणून ते अंगाभोवती लपेटलं होतं. पहिल्याच वळणावर वारा त्यात शिरला आणि काका ठरावाशिवाय डावीकडे चालू लागले. त्यांना दोघांनी धरलं. नवीन जोडप्यातल्या 'तो'नं पाण्याच्या दोन्ही बाटल्या 'ती'च्या पिशवीत आहेत असं धरलं होतं आणि 'ती'नं त्याच्या, मग पुढचा अर्धा तास डोंगर बाजूला राहिला. बाबा ऑफिसच्या बुटांत आले होते. त्यांच्या मते ते बूट पंचवीस वर्षं दुकानांच्या पायऱ्या चढत होते. बुटांचं मत निराळं होतं. प्रत्येक गुळगुळीत दगडावर ते बाबांना आल्या वाटेनं परत पाठवायचे. आई तेवढी गपचूप, एका लयीत चालत होती आणि कुणी विचारलं तर बिस्किट देत होती.

पावणेअकराला सगळे माथ्यावर असायचे होते. बारा वाजले तेव्हा दोन हिस्से चढ संपला होता, एक बाकी होता, आणि दहा माणसं एका मोकळ्या पठारावर ज्याला जिथे जागा मिळेल तिथे पडली होती. खालून धुकं चढायला लागलं होतं. शिट्टीनं मोजली. दहा. परत मोजली. आत्या नव्हती.

ठरल्याप्रमाणे तिनं तीन लांब शिट्ट्या दिल्या. थोड्या वेळानं वरच्या वळणावर निळा स्वेटर दिसला आणि आत्या बाजारात निघाल्यासारखी हात हलवत खाली आली. तिला दम लागलेला नव्हता. केससुद्धा विस्कटले नव्हते.

"तुम्ही बसलात का सगळे?" तिनं विचारलं. "वर कसलं छान आहे. अर्धीच तर आहे."

बाबा आडवे होते ते उठून बसले. त्यांनी आपल्या बहिणीकडे, दुकानदाराच्या वजनाकडे बघावं तसं, खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ताई," ते हळूच म्हणाले, "तू रोज सकाळी दूध आणायला म्हणून जातेस, ती किती वेळ जातेस?"

आत्या जरा लाजली. दूध दहा मिनिटांचं, बाकी दीड तास टाकीमागची टेकडी. आधी एकदा, मग दोनदा, आता चार वेळा. त्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं होतं ना, प्रत्येक माणसाला तुम्ही जबाबदार. मग कुणी पडलं तर उचलायला नको?

शहरातल्या प्रत्येक वाण्याची वजनं दरवर्षी पुन्हा तपासणाऱ्या बाबांनी घरचं माप सहा आठवड्यांत एकदाही तपासलं नव्हतं. ते पायातला डावा बूट काढून त्यात बघत बसले.

शिट्टीला मात्र सगळा हिशोब एका क्षणात उलगडला. डोंगर अर्धा नव्हताच. आत्या दुप्पट झाली होती. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. चढायला लागला तेवढा वेळ या मंडळींना उतरायला लागणार होता, शेवटची बस साडेचारची होती आणि माथा अजून वर होता. माथ्यापाशी अट होती, अटीपाशी सही, आणि सहीच्या पलीकडे ती गोठलेली टूथपेस्ट. तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"परत फिरायचं," ती म्हणाली.

आता कुणाला वाटेल की निपचित पडलेली माणसं आनंदानं उठली असतील. छे. परत फिरायचं म्हटल्याबरोबर आई सोडून सगळ्यांना माथ्याची अशी काही ओढ लागली की विचारू नका. डॉक्टरांना एकदम तरतरी आली. सेक्रेटरीकाकांनी अंगावरचं कापड सोडून दाखवलं, याचा फोटो पठारावर काढायचा का? त्यांनी तिथेच तातडीची सभा भरवली आणि मतदान घेतलं. नऊ मतं वर जाण्याच्या बाजूनं पडली. आईनं परतीला हात वर केला, आणि हे शिट्टीला सगळ्यात अनपेक्षित होतं, बाबांनी माथ्याच्या बाजूनं केला. बिचाऱ्यांना आपलं चुकलेलं माप निदान वर पोचवून तरी भरून काढायचं होतं.

"माथा समोर दिसतोय," बाबा म्हणाले. "अट माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे," शिट्टी म्हणाली. "पण डोंगरावर मतदान नसतं, बाबा. बारा वाजले."

सेक्रेटरीकाकांनी मुद्दा काढला की कागदोपत्री गटप्रमुख ही नाहीच, ताई आहेत. सगळे आत्याकडे वळले. आत्यानं माथा बघितला होता, तिला तो पुन्हा बघायचा होता, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तिनं वर पाहिलं, मग भावाच्या बुटाकडे पाहिलं, मग खालून येणाऱ्या धुक्याकडे.

"प्रमुख मी आहे ना?" ती म्हणाली. "मग ऐका. मी मघाशी तुम्हाला टाकून पुढे गेले, ते चुकलं माझं. आता ही सांगेल तसं चालायचं. उठा सगळे."

उतरण कशी झाली हे इमारतीत आजही कुणी नीट सांगत नाही. डॉक्टर बराचसा डोंगर बसून उतरले, त्यांच्या पँटनं त्याची नोंद ठेवली. सेक्रेटरीकाकांच्या कापडाला बाबांनी एका टोकाला, काकांनी दुसऱ्या टोकाला धरलं आणि जिथे एक घसरला तिथे दुसरा त्याच्यामागे न चुकता गेला. शिट्टी दर पंधरा मिनिटांनी मोजत होती. अकरा. अकरा. एकदा बारा आले, तेव्हा एक कुत्रा वेगळा काढावा लागला. पायथ्याला पोचले तेव्हा वरचा डोंगर धुक्यात पार बुडाला होता आणि बस दिवे लावून उभी होती. सुटायला सात मिनिटं होती. फोटो बसच्या दारात काढला.

घरी आल्यावर शिट्टीनं फॉर्म टेबलावर, बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवला. बाबांनी तो वाचला, घडी केली आणि परत तिथेच ठेवला.

"अकरा खाली आले, कबूल," ते म्हणाले. "पण वर दहा कमी पडले. कमी ते कमी. दुकानदाराला एक न्याय आणि घरी दुसरा, असं मला नाही करता येणार."

आई काहीतरी बोलणार होती, पण शिट्टीनंच मान डोलावली. बाबांचं त्यांच्या परीनं बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. मग ती अंथरुणात शिरली आणि उशीत तोंड खुपसून बराच वेळ रडली. पहाटे मात्र तिला नवलाची एक गोष्ट जाणवली. वाईट फार वाटत होतं, पण पठारावर जे केलं त्याचा पश्चात्ताप तिला शोधूनही सापडत नव्हता.

सोमवारी सकाळी ती दप्तर घेऊन बाहेर पडली आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर थबकली. बाबा ऑफिसला निघाले होते. पण पाठमोरे. दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड वरच्या पायऱ्यांकडे करून, ते एकेक पाऊल मागे टाकत उतरत होते. मांड्या अशा धरल्या होत्या की सरळ उतरायला गुडघे तयारच नव्हते. चार पायऱ्या खाली सेक्रेटरीकाका, तेही पाठमोरे. दोघं एकाच दिशेला तोंड करून, जणू काही झालंच नाही अशा आवाजात हवापाण्याच्या गप्पा मारत होते. तळाशी डॉक्टर शेवटच्या पायरीवर बसून दवाखान्याच्या दाराकडे बघत होते. ते दार सहा पावलांवर होतं.

इतक्यात खालून आत्या आली. हातात दुधाच्या पिशव्या, दोन दोन पायऱ्या एकदम. "जरा बाजूला व्हा रे," म्हणाली आणि तिघांच्या मधून वर निघून गेली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग शिट्टीकडे वळून त्यांनी विचारलं, "काल किती चढ राहिला होता?"

"तिसरा हिस्सा."

"आणि तेवढाच उतार."

"हो."

बाबांनी अजून एक पायरी उतरून बघितली. मध्येच त्यांचा पाय लटपटला आणि तोंडातून एक बारीक आवाज निघाला. ते तिथेच, कठडा घट्ट धरून, थांबले. काल पठारावर आपला हात कुठल्या बाजूनं वर गेला होता, हे त्यांना आठवत असावं.

"वर नेलं असतंस तर अकरा खाली आले नसते," ते म्हणाले. "एक तर मीच. फॉर्म आण."

शिट्टी कशी वर गेली आणि कशी खाली आली ते तिलाही कळलं नाही. बाबांनी फॉर्म भिंतीला लावला, सेक्रेटरीकाकांकडून पेन घेतलं आणि मोठी, स्वच्छ, पूर्ण सही केली. मग फॉर्म तिच्या हातात देऊन, तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता मला खाली ने. सावकाश."

तिनं दप्तर पाठीवर घट्ट केलं, बाबांच्या एक पायरी खाली उभी राहिली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. खालून सेक्रेटरीकाका म्हणाले की यांच्यानंतर माझा नंबर, तशी नोंद करावी. डॉक्टरांनीही तळातून हात वर केला.

त्या दिवशी शाळेत फॉर्म वेळेत पोचला, शिट्टी नाही. उशिरा येणाऱ्यांच्या वहीत कारणाचा रकाना होता. तिनं खरं तेच लिहिलं: 'तीन माणसं खाली उतरवत होते.'